खोकं नाही ना, मग झालं! जुना साऊंड मिक्सर विकताना मी कसा गंडलो

मंडळी, लै दिवस लिहू का नको करत होतो, कारण यात समोरच्याच्या हुशारीपेक्षा माझाच येडेपणा जास्त दिसणार आहे. पण मागच्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका कीबोर्डवाल्याला डिट्टो तसाच फोन आला, तोच प्रश्न, तोच गोड आवाज, म्हणून म्हणलं आता लिहूनच टाकू.

मी सोलापूरचा, जुळे सोलापुरात राहतो. नोकरी वेगळी, पण बारशापासून भजनापर्यंत छोटे कार्यक्रम असतात त्याला साऊंड लावायचा जोडधंदा आहे, दोन टॉप (लोकांकडं तोंड केलेले मोठे स्पीकर), दोन मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यायला), पाच-सहा माईक आणि यामाहाचा एमजी १२ एक्सयू मिक्सर. हा मिक्सर २०१९ ला नवा कोरा घेतला होता, तीसेक हजाराला. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मिक्सर म्हणजे सगळ्या माईकांचे आवाज एकत्र करून स्पीकरला पाठवणारं मशीन, हा बारा चॅनलचा ॲनालॉग, सहा माईक लागतात, आत रिव्हर्ब-इको म्हणजे आवाज घुमवायचे वगैरे २४ इफेक्ट, वजन चार किलोच्या आसपास, म्हणजे बॅगेत घालून स्कूटरवर मागे बांधून न्यावा असला. गणपतीत तर त्याला उसंत नसायची.

तर नवा आणला तेव्हाचं खोकं मी चार वर्षं माळ्यावर जपून ठेवलं होतं. आतले साचे, प्लास्टिकची पिशवी, मॅन्युअल सगळं. मग भाड्याचं घर बदललं. नवीन घराला माळाच नाही, वरून मंडळींचा रोजचा जप, "ह्या रिकाम्या खोक्यांची पूजा करणार आहे का?" त्यातच शेजारच्या काकू आल्या, त्यांचा मुलगा पुण्याला आहे, त्याला पार्सल पाठवायचं होतं, "खोकं आहे का रे एखादं दणकट?" दिलं. अहो खरंच सांगतो, माझ्या मिक्सरच्या खोक्यातनं शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि दोन चादरी पुण्याला गेल्या. मलाही बरं वाटलं, सत्कारणी लागलं म्हणून. त्या खोक्याच्या कडेला एक पांढरं स्टिकर होतं बारकोडचं, त्यावर मिक्सरचा सिरीयल नंबर. ते पण भाकरीबरोबर गेलं.

२०२३ च्या पावसाळ्यात डिजिटल मिक्सर घ्यायचं ठरलं म्हणून जुना विकायला काढला. जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर फोटो टाकले, किंमत १९ हजार. दोन दिवस सगळे "१२ ला देतो का" वाले आले. तिसऱ्या दिवशी एकाचा फोन, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा म्हणाला, भजनी मंडळासाठी पाहिजे. एकदम अदबीनं बोलणं, दादा-दादा करत. आणि त्याचा पहिला प्रश्न काय तर, "दादा, ओरिजिनल बॉक्स आहे का?"

मी म्हणलं नाही. "बिल?" बिल होतं, पण ते दुकानात मशीनवर निघतं ना तसल्या गुळगुळीत कागदाचं, सोलापूरचे चार उन्हाळे कपाटात काढून ते कोरं पांढरं झालेलं. मी तेही सांगून टाकलं, उलट प्रामाणिकपणा दाखवायला म्हणलं बॉक्स नाही तर पाचशे कमी द्या. तो म्हणतो, "नको दादा, वस्तू चांगली आहे ना, बॉक्स काय करायचाय." किती भला माणूस! आता कळतंय की तो भाव पाडायला विचारतच नव्हता. माझ्याकडं नंबर लिहिलेली एक तरी वस्तू शिल्लक आहे का एवढंच त्याला चाचपायचं होतं.

पुढचं ऐका. त्यानं वरून, बाजूनं, जवळून असे अजून सात-आठ फोटो मागितले. खालच्या बाजूचा एकही नाही. आणि पैसे? पूर्ण १९ हजार आधीच यूपीआयवर टाकले. इथंच माझी विकेट गेली. आपण सगळे घाबरतो ते पैसे न देणाऱ्याला, क्यूआर पाठवून "स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणणाऱ्याला (तसलं काही असलं तर डोळे झाकून फोन ठेवा, स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत). पण जो माणूस वस्तू बघायच्या आधी पूर्ण पैसे देतो त्याच्यावर कोण संशय घेणार?

पॅकिंगचा विषय आला. कंपनीच्या खोक्यात साचे असे असतात की मिक्सरच्या चार कडांवर वजन येतं आणि वरची बटणं आणि फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) मोकळे तरंगतात, खोकं उलटं पडलं तरी बटणावर भार येत नाही. त्या बटणांच्या दांड्या खाली सर्किट बोर्डालाच डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेल्या असतात, वरून दणका बसला की डागाला बारीक तडा जातो आणि मग चॅनल कधी चालतो कधी खरखरतो. हे सगळं मला माहीत होतं हो! तरी काय केलं, तर टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल कापलं, मिक्सर जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळला, किराणावाल्याकडनं बिस्किटाचं खोकं आणलं आणि चार पदर टेप मारून ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पार्सलला टाकून आलो. चादर मऊ आणि जाड असते, काही होत नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

दोन दिवसांनी फोन. आवाज तोच पण सूर पडलेला. "दादा, मशीन चालूच होईना. पॅकिंग नीट नव्हतं का? एक कोपरा दबलाय." फोटो पाठवले. माझीच चादर, माझंच बिस्किटाचं खोकं, आणि मिक्सरचा एक कोपरा आत गेलेला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं काय सांगू, भजनी मंडळाचे पैसे आणि आपण असलं पॅकिंग करून पाठवलं. तो भांडला पण नाही, हेच तर! "असू द्या दादा, मी परत पाठवतो, तुम्ही पैसे परत करा, माझं भाडं गेलं तर गेलं." वरून भाड्यावर पाणी सोडतोय. मीच म्हणलं भाडं पण देतो.

पार्सल आलं तसं मी ऑफिसातच खोकं जरा उघडून बघितलं, चादर दिसली, मिक्सर दिसला, त्याचा चौथा फोन चालूच होता "मंडळातले लोक मला विचारायलेत" म्हणून, तिथंच काउंटरला उभा राहून १९ हजार आणि वर ३०० रुपये पाठवून दिले. घरी येऊन लावला. लाईट नाही, काही नाही, मेलेला.

रात्री जेवण झाल्यावर म्हणलं बघू तरी काय झालंय. टॉर्च मारून फेडरच्या फटीत बघितलं आणि पोटात गोळा आला. गुलाल नव्हता.

साऊंडवाल्यांना सांगायला नको, मिरवणुकीत एकदा वापरलेला मिक्सर असला की फेडरच्या फटीत गुलाल बसतो तो बसतोच, ब्लोअर मारा, ब्रश मारा, तळाशी गुलाबी रेघ राहतेच. माझ्यानं गणपतीच्या मिरवणुका केल्या होत्या. आणि हा? साधी करडी धूळ. मग बाकीचं दिसायला लागलं. मेन फेडरच्या शेजारी मी मंडळींच्या नेलपॉलिशनं लाल टिकली दिली होती, याच्या वर जाऊ नका म्हणून पोरांना खूण. ती टिकली होती की जागेवर! पण माझी झिजून विटलेली होती, ही चकचकीत, नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला. म्हणजे माझ्या फोटोत बघून त्यानं आपल्या बंद पडलेल्या मिक्सरवर तस्सं नेलपॉलिश लावलं होतं. गुलाल फोटोत दिसला नाही म्हणून राहिला नाहीतर तो पण भरला असता गड्यानं.

दुसऱ्या दिवशी आमच्या रिपेरीवाल्या अण्णांकडं नेला. त्यांनी अजून उघडला पण नव्हता, नुसते खालचे स्क्रू बघून म्हणले, "काय बे, हे कुणी उघडलं होतं? चारही स्क्रूची तोंडं खाल्लेली हाईत की." आत पॉवरचा भाग आधीच कुणीतरी डाग काढून बघितलेला, काळा पडलेला. आपटून असं होत नाही, अण्णा म्हणले, हा आधीच मेलेला. कोपरा नंतर ठोकलाय.

फोन केला तर पहिल्यांदा उचलला, "दादा तुमचीच वस्तू आहे, चादर बघा की तुमचीच." चादर खरंच माझीच होती हो. त्यानंतर नंबर बंद, ॲपवरचं खातं पण गायब.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथले हवालदार चांगले होते, चहा पण पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमच्या मशीनचा नंबर काय होता?" मी गप्प. मी म्हणलं गुलाल नाही साहेब, ते म्हणले ठीक आहे, दुसरी काही खूण? नेलपॉलिशची टिकली होती. त्यांनी बघितलं. "खूण तर आहे की इथं." आता काय सांगणार, ही टिकली माझी नाही म्हणून? अर्ज घेतला, पण नंबराशिवाय हा तुमचा नाहीच हे सिद्ध कसं करायचं ते तुम्हीच सांगा म्हणले, आणि त्यांचं चुकीचं होतं असं मला अजूनही वाटत नाही. (पैशाची ऑनलाईन फसवणूक असली तर १९३० ला लगेच फोन करायचा हे त्यांनीच सांगितलं, तासाभराच्या आत केलेला बरा. मी तर स्वखुशीनं पैसे पाठवून दोन दिवसांनी गेलो होतो.)

मग सुरू झाली शोधाशोध. ज्या दुकानातनं घेतला तिथं गेलो, कॉम्प्युटरमध्ये बिल निघालं, मॉडेल आहे, तारीख आहे, नंबर लिहायची त्यांची पद्धतच नाही. मोबाईलमधले चार वर्षांचे फोटो चाळले, हुतात्मा स्मृती मंदिरातला एक कार्यक्रम, साखरपुडे, गड्ड्याच्या जत्रेच्या वेळचे, कमीत कमी दोनशे फोटोत तो मिक्सर आहे आणि प्रत्येकात वरून. मिक्सर उलटा करून त्याच्या बुडाचा फोटो कोण काढतो? आणि नंबर तिथंच असतो. शेवटी काकूंना विचारलं, मुलाकडं ते खोकं असेल का अजून. त्यांनी बिचाऱ्यांनी फोन लावला. त्यानं रूम बदलताना भंगारात दिलं होतं.

आता खोकं ठेवायचं का नाही यावर आमच्या साऊंडवाल्यांत कायम वाद असतो. मी आधी नको वाला होतो, आता ठेवा म्हणतो, पण आंधळेपणानं नाही. जागा नसेल तर निदान स्टिकर कापून बिलाच्या मागं चिकटवा, आणि बिलाचा फोटो पहिल्याच दिवशी काढा, कारण तो कागद उडणारच. वॉरंटीला बहुतेक वेळा बिल आणि नंबर विचारतात, खोकं नाही. पण ऑनलाईन घेतलं असेल तर परत करायची मुदत संपेपर्यंत खोक्याला हात लावू नका. खोकं उघडून घडी घालून पलंगाखाली बसतं, जागा खातात ते आतले साचे, पण खरी किंमत त्यांचीच आहे, म्हणून मी छोटी खोकी मोठ्यात घालून ठेवतो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवणार असाल तर वाळवी आणि उंदीर बघत जा. आणि वस्तू वर्षानुवर्षं खोक्यात घालून ठेवू नका, पुठ्ठा पावसाळ्यात दमट होतो आणि काही स्पंज जुना झाला की चिकट भुगा होऊन बटणांना लागतो, तो काढताना रडू येतं.

आणि दुसऱ्याच्या खोक्यावर भुलू नका हे पण सांगतो, कारण ओरिजिनल बॉक्स आहे म्हणलं की आपण पाघळतो. आमच्यातल्या एकानं जुना शुअरचा एसएम ५८ घेतला, १९६६ पासून चालत आलेला माईक, त्याच्या इतक्या नकला बाजारात आहेत की विचारू नका. खोकं एक नंबर, पाऊच, क्लिप, कागद सगळं. माईक तेवढा नकली. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम, ह्यानं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला तर चांगलाच हलका भरला, आणि खालच्या तीन पिनांशेजारी खऱ्यावर १, २, ३ आकडे असतात ते पण नव्हते. दुकानदार म्हणे, "भाऊ, माईक किलोवर घेता का तुम्ही?" तेव्हा खोकं पाहून खूश व्हायच्या आधी, ज्या वस्तूला नंबर असतो तिच्या बुडावरचा आणि खोक्यावरचा नंबर एकच आहे का ते बघा. आपलं कोरं खोकं ॲपवर दोन-तीनशेला विकायचा मोह झाला तर विकत घेणारा त्यात काय भरणार याचा पण जरा विचार करा.

विकताना मी आता बुडाचा फोटो खरेदीदाराला आधीच पाठवतो, नंबर दिसेल असा. पॅक करतानाचा व्हिडिओ काढतो, नंबरपासून टेप मारेपर्यंत, मध्ये न थांबवता. परत आलं तर आधी उघडणार, लावून बघणार, मग पैसे, समोरचा कितीही रडू दे. त्या कीबोर्डवाल्याला पण हेच सांगितलं. त्यानं त्या दादा-दादा वाल्याला बुडाचा फोटो पाठवला, दोन निळ्या टिका आल्या आणि पुढं काही नाही.

मेलेला मिक्सर अण्णांकडंच पडून आहे, फेडर चांगले निघाले म्हणून दुसऱ्या एकाच्या मिक्सरला बसवले, त्याचे मला ८०० रुपये सुटले. चादर धुवून परत कपाटात गेली.

काकू परवा परत आल्या होत्या, मुलाला फराळ पाठवायचाय, खोकं आहे का दणकट. फॅनचं दिलं.