दिवाळी किट की थेट देणगी: शाळेचा निधी कसा उभा करावा?

ठाण्यात नौपाडा असो की घोडबंदर, पालक-शिक्षक संघापुढे सहामाहीच्या सुमारास दोन प्रस्ताव येतात. एक कंपनीच्या दिवाळी किटचा: उटणं, पणत्या, रांगोळी मुलांनी विकायची, शाळेला वाटा. दुसरा थेट देणगीचा.

किटचा हिशेब कागदावर छान दिसतो. समजा किट २०० रुपयांचं, शाळेचा वाटा ८०. ५०० किटांचे ४०,००० होतात. पण ७० उरली आणि कंपनीने परत घेतली नाहीत, तर ४३० किटांचे ३४,४०० मिळतात आणि उरलेल्यांचे, कंपनीच्या वाट्याचे प्रत्येकी १२० धरून, ८,४०० शाळेला भरावे लागतात. हाती २६,०००. मुलांच्या ५०० घरांपैकी २६० घरांनी शंभर-शंभर रुपये दिले तरी तेवढेच जमतात.

माझं मत ठरलं ते या उरलेल्या मालामुळे. सहामाही परीक्षा संपली की सुट्टी लागते. माल परत करायची मुदत सुट्टीतच उलटते आणि न विकलेली किटं मुलांच्या घरी पडून असतात. शाळा उघडेपर्यंत पणत्यांना गिऱ्हाईक उरत नाही. मोठ्या सोसायटीत तर एकाच इमारतीत तीन शाळांची मुलं तोच माल घेऊन फिरतात. शेवटी आईवडीलच तो विकत घेतात. किट घ्यायचंच असेल, तर ‘विकेल तेवढ्याचेच पैसे’ आणि ‘परतीची मुदत शाळा उघडल्यावर आठ दिवस’ हे दोन्ही लेखी घ्या. जास्त विकणाऱ्याला बक्षीस ही योजना मात्र नकोच. तिथे मुलाची मेहनत कमी, पालकांच्या ओळखी जास्त मोजल्या जातात.

थेट देणगीत खातं शाळा चालवणाऱ्या ट्रस्टच्याच नावाचं हवं. क्यूआर स्कॅन केल्यावर एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका. पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक पाहा. देणगीवरची आयकर सवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती मिळतच नाही; त्यामुळे आवाहन करसवलतीच्या भरवशावर करू नये. कारण आणि रक्कम आधीच सांगावी: ‘प्रयोगशाळेतली सिंक, ३०,००० रुपये’. प्रवेशासाठी देणगी मागायला १९८७च्या कॅपिटेशन फी कायद्याने बंदी आहे. देणगीदारांची यादीही वर्गात लावू नये, न देणाऱ्यांची मुलं त्याच वर्गात बसतात.

किटची एक बाजू खरी आहे. हातात वस्तू मिळते म्हणून शेजारी आणि आजी-आजोबा पैसे देतात. नुसत्या आवाहनाला ते देतीलच असं नाही. शंभरच्या आत पट असेल तर आधी नोंदणी आणि पैसे घेऊन तेवढाच माल मागवावा, ते जमण्यासारखं आहे. पट मोठा असेल तर मी थेट देणगीच सुचवेन, आणि खर्चाची बिलं पुढच्याच पालकसभेत टेबलावर ठेवावीत.