चार बाय तीनचं लोखंडी खुराडं: गावरान आणि सुधारित गिरीराज कोंबड्या एकत्र पाळणाऱ्यांनी घ्यावं का?

सांगली, मिरज, कराडकडं वेल्डिंगवाल्यांकडं तयार मिळणारं हे खुराडं. 4 फूट लांब, 3 फूट रुंद, 4 फूट उंच. अँगलचा सांगाडा, 1 इंची जाळी, वर पत्रा, पुढं एकच दार आणि आत शिडीसारख्या चढत्या दोन दांड्या. दर बहुधा लोखंडाच्या वजनावर. ‘वीस पक्षी आरामात बसतात’ असं सांगून विकतात. बसत नाहीत. मोठ्या पक्ष्याला दांडीवर 8 इंच तरी लागतात. दोन्ही दांड्या मिळून 96 इंच, म्हणजे बारा पक्षी, तेही गुण्यागोविंदानं बसले तर. खालची 12 चौरस फूट जागा बघता आठच धरा.

मजबुतीला नाव ठेवायला जागा नाही; मुंगूस, मांजर आत शिरत नाही. फक्त जाळीची टोकं आतून घासून घ्या, नाहीतर तुरे फाटतात.

खरी परीक्षा तरण्या नरांची. दोन महिन्यांचे झाले की मानेची पिसं फुलवून समोरासमोर उड्या मारतात. रक्त निघत नाही तोवर सोडवायला जाऊ नका, त्यातूनच कळपातली ज्याची त्याची पायरी ठरते. चार-पाच महिन्यांत एक पंख खाली पाडून तलंगांभोवती, म्हणजे तरण्या माद्यांभोवती, घिरट्या सुरू होतात. जुन्या कोंबड्या चोच मारून हाकलतात, ते बरंच असतं. पण गिरीराज नर तीन किलोच्या घरात गेला की दीड किलोच्या गावरान कोंबडीचं त्याच्यापुढं काही चालत नाही.

इथं या खुराड्याची रचना आड येते. वरच्या दांडीसाठी रोज दिवेलागणीला मारामारी. सकाळी वरचढ नर एकुलत्या दारात छाती काढून उभा, दुबळे मागच्या कोपऱ्यात चोची खात. डोक्यावर रक्ताचा ठिपका दिसला की बाकीचेही तिथंच टोचतात.

म्हणून ऑर्डर देतानाच सांगा: दोन्ही दांड्या एकाच उंचीवर, मध्ये सव्वा फूट अंतर, समोरासमोर दोन दारं, आणि मधोमध सरकती जाळी बसेल अशी खाच. ही जाळी सगळ्यात कामाची. नवे पक्षी आठ-दहा दिवस तिच्यापलीकडं, दाणापाणी वेगळं. एकमेकांना दिसतील पण चोच पोचणार नाही. मग दोघा-तिघांना मिळून परड्यात सोडा, एकट्याला कधीच नाही. जखमी पक्षीही जाळीपलीकडंच ठेवा. पंधरा दिवस घरात डालग्याखाली झाकलेला परत आला की कळपाला तो परकाच.

खाद्याची भांडी दोन, मध्ये फळीचा आडोसा. नाहीतर एकच नर दोन्ही राखतो. आठ-दहा माद्यांमागं एक नर पुरे. जास्त झाले की कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात. जादा नर आखाडात हातोहात खपतात, तोवर थांबण्यात फायदा वाटतो खरा, पण पाठी सोलल्या गेल्या तर अंडी घटतात.

जत, आटपाडी, माणकडं पाऊस कमी, पक्षी दिवसभर बाहेर, खुराडं रात्रीपुरतं. बदल करून घेतलं तर घ्यायला हरकत नाही. पाटण, जावळीकडं झडीत पक्षी दिवसेंदिवस कोंडून राहतात, तिथं सहाच्या वर ठेवू नका. खाली पाचट नको, ओलं झालं की थर धरतं. भाताचं तूस 3 इंच पसरा.