परड्यात मुक्काम: तयार तंबू की ताडपत्री?

चौघांचा 7 बाय 8 फुटी तंबू पंधरा मिनिटांत उभा राहतो, डासांची जाळी त्यातच. घोळ होतो तो खुंट्यांचा. बेळगावच्या खानापूरकडच्या जांभ्या दगडात बारीक खुंट्या वाकतात. तिथे ठोकत बसू नका, दोरी सरळ चिऱ्याला बांधा. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत खुंटी लोण्यासारखी जाते आणि ओल आली की तशीच निघते. फूटभर लांब खुंटी घ्या, वरचं टोक तंबूपासून बाहेर झुकवून ठोका. थंडी म्हणून झरोके बंद केलेत, तर श्वासाची वाफ आतून जमून पहाटे पांघरुणं ओली होतात. खालचा प्लास्टिक कागद तळापेक्षा चार बोटं आत हवा, नाहीतर दव त्यावरून तंबूखाली येतं.

ताडपत्री स्वस्त, ऐसपैसही. 12 बाय 18 ची घ्या. दोन झाडांमध्ये साडेपाच फुटांवर दोर, कडा दीड फूट वर. दवानं नायलॉनचा दोर सैल पडतो, म्हणून झोपताना पुन्हा ताणा. मच्छरदाणी मात्र वेगळी लागते.

तान्हं बाळ असेल तर तंबूच. एरवी आमचं मत ताडपत्रीला. नारळाखाली मात्र दोन्ही नको, आणि चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बारा फूट लांब.