एकिनेशिया की मोनार्डा: प्रेअरीतल्या औषधी फुलांचं पहिलं चित्र कोणतं?

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहून प्रेअरीतल्या, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतल्या, औषधी रानफुलांची चित्रमाला करायची म्हटलं की पहिल्याच फुलाला घोडं अडतं: एकिनेशिया की मोनार्डा फिस्टुलोसा? माझं मत मोनार्डाच्या बाजूने आहे, आणि ते फुलांच्या देखणेपणावरून नाही. देखणेपणात एकिनेशियाच सरस.

औषधी चित्रात औषधाचा भाग दिसायलाच हवा. एकिनेशियाचं औषध मुख्यतः मुळात. लकोटा, ओमाहा, पॉनी अशा प्लेन्स या मैदानी मुलुखातल्या मूळ रहिवासी जमाती ते दातदुखीवर चघळत. जीभ चक्क बधिर होते. पण ती जात अँगुस्टिफोलिया: बुटकी, अरुंद केसाळ पानांची, जाड सोटमुळाची. नर्सरीत सर्रास मिळते ती पर्प्युरिया, रुंद पानांची आणि तंतुमुळांची. पर्प्युरिया रंगवायची आणि खाली उपयोग लकोटांचा लिहायचा, हा घोळ नेहमीचा. बरं, अँगुस्टिफोलिया सापडली तरी मूळ बघायला ती उपटायची का? मुळीच नाही. मुळांच्या व्यापारापायी रानातली झाडं आधीच बेसुमार खणली गेली आहेत. बियांपासून खोल कुंडीत वाढवा; पण मूळ पोसायला काही वर्षं लागतात.

मोनार्डाचं औषध पानाफुलांत, त्यामुळे खणाखणी नाही. हो-चंक या मूळ रहिवासी जमातीचे लोक पानांचा काढा चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांना लावत. पान चुरगळलं की थेट ओव्याची आठवण येते, कारण ओव्यातलं थायमॉल यातही असतं. झाड तुळशीच्या कुळातलं: चौकोनी खोड, समोरासमोर पानं. फूल विस्कटलेलं दिसतं, पण एकेक नळी दोन ओठांची आहे हे ध्यानात आलं की रेखाटन जमतं. फिकट जांभळ्यासाठी क्विनॅक्रिडोन व्हायोलेटमध्ये थोडा कोबाल्ट ब्लू पुरतो. ऑपेरा पिंकच्या मोहात पडू नका, तो उजेडात उडतो.

जलरंगात एकिनेशियाचा मधला काटेरी बोंडा जीव काढतो. प्रत्येक काट्याचं नारिंगी टोक उजळ ठेवायचं म्हणजे तेवढा कागद कोरा राखत बसायचं. ग्वाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, आधी गडद तपकिरी-लाल भरून वर नारिंगी टिपके देता येतात. तेव्हा ग्वाशवर हात बसलेला असेल आणि कुंडीत अँगुस्टिफोलिया वाढलेली असेल, तर खुशाल तिच्यापासून सुरुवात करा.