चार्टर शाळेचा निधी की कम्युनिटी कॉलेज?

कॅलिफोर्नियात घरून शिकवणाऱ्या बऱ्याच चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) मुलामागे ठरावीक निधी राखून ठेवतात. ऑनलाइन कोर्ससाठी तो वापरता येतो, पण पैसा सरकारी असल्याने पालकांच्या हातात येत नाही. कोर्स निवडायचा, शाळेने नेमलेल्या शिक्षिकेकडे मागणी नोंदवायची, मग शाळा आपल्या मंजूर यादीतल्या व्हेंडरला पर्चेस ऑर्डर पाठवते आणि बिलही परस्पर भागवते. आपल्याकडे आधी फी भरून जागा धरायची सवय. ती इथे अंगाशी येते. खिशातून भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. धार्मिक अभ्यासक्रम चालत नाही. यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जायचं असेल तर कोर्सला 'ए-जी' मान्यता आहे का, म्हणजे यूसी प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांत तो धरला जातो का, हेही आधीच बघा.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज; शाळेत असतानाही तिथले कोर्स घेता येतात. त्याचा हिशोब सरळ आहे. एरवी युनिटला (कोर्सचा भार मोजायचं माप) ४६ डॉलर फी. शाळकरी मुलांना ११ युनिटपर्यंत ती सहसा माफ. शाळेच्या सहीचा फॉर्म लागतो, पुस्तकांचा खर्च वेगळा. ट्रान्सफरेबल (म्हणजे पुढे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या) कोर्सचं एक सेमिस्टर यूसी हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाइतकं धरते, हा मोठाच फायदा. मात्र नोंदणीत या मुलांचा नंबर शेवटी लागतो, आणि खराब ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते.

म्हणून नववीपर्यंत मी निधीच वापरेन, कॉलेज अकरावीपासून. तिथे पालकांची लुडबुडही चालत नाही: मूल पंधरा वर्षांचं असलं तरी कॉलेजातल्या नोंदींवर हक्क त्याचाच.