सितोपलादि चूर्ण: डबी घेताना आणि चाटताना

सितोपलादि हे खोकल्यावरचं आयुर्वेदिक चूर्ण. त्याच्या १०० ग्रॅमच्या डबीत साधारण ५२ ग्रॅम खडीसाखरच असते. ही भेसळ नव्हे, पाठच (ग्रंथातली कृती) तसा आहे. सितोपला म्हणजे खडीसाखर. ती १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १. प्रत्येक जिन्नस आधीच्याच्या निम्मा, एकूण ३१ भाग. चरकाच्या राजयक्ष्मा-चिकित्सेत (क्षयावरच्या अध्यायात) आणि पुढे शार्ङ्गधरसंहितेत आलेला हा पाठ आजही जवळपास प्रत्येक लेबलवर दिसतो. मग एक डबी घशाला आराम देते आणि दुसरी नुसती गोड लागते, असं का? बहुतेक वेळा उत्तर वंशलोचनात किंवा शिळेपणात सापडतं.

पाच जिन्नसांत महाग आणि हमखास घोळ होणारी वस्तू म्हणजे वंशलोचन. बांबूच्या पेरात रस साकळून तयार होणारा हा सिलिकायुक्त खडा. अस्सल तुकडा हलका, निळसर झाक असलेला पांढरा, थोडा आरपार दिसणारा. जिभेला लावला की चिकटतो. बाजारात त्याच्या जागी दोन गोष्टी येतात: कारखान्यात केलेली सिलिका आणि तवकील, म्हणजे हळदीच्या जातीतल्या एका कंदाचा स्टार्च. तवक्षीर हे नाव वंशलोचनालाही लावतात आणि तवकिलीलाही, त्यामुळे दुकानदार खोटं न बोलताही भलतीच पुडी हातात देऊ शकतो. तवकील ओळखणं सोपं आहे: चमचाभर पूड पाण्यात उकळा, खळीसारखी दाटली तर ती स्टार्च आहे. वंशलोचन दाटत नाही, तळाशी बसतं. कृत्रिम सिलिकाही दाटत नाही, त्यामुळे ती मात्र या परीक्षेत सहज निसटते.

तयार चूर्णावर आयोडीनचा थेंब टाकून भेसळ पकडायचा सल्ला अधूनमधून फिरत असतो. तो निरुपयोगी आहे. पिंपळीत स्वतःचा स्टार्च असतो, त्यामुळे उत्तम चूर्णही निळं पडेल. आयोडीन चालतं ते सुट्या वंशलोचनावर. सीलबंद डबीवर वनस्पतींची शास्त्रीय नावं असतात, ती वाचावीत. वंशलोचनापुढे ‘बांबुसा’ असेल तर कागदोपत्री तरी ठीक. ‘करक्युमा अँगस्टिफोलिया’ असेल तर आत तवकील आहे.

ताजेपणाची परीक्षा जिभेवर होते. चिमूटभर चूर्ण ठेवलं की आधी गोड लागतं, मग वेलदोड्याचा वास वर येतो, आणि काही क्षणांनी पिंपळी जिभेला चुणचुण लावून तोंडाला पाणी आणते. ही शेवटची पायरी आलीच नाही, तर पिंपळी जुनी आहे किंवा कमी घातली आहे. दातांखाली वाळूसारखं कचकचलं तर वंशलोचन नीट खललेलं नाही. लेबलवर लांबलचक मुदत छापलेली असली तरी शार्ङ्गधराच्या मते चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होतं, म्हणजे त्याचा जोर ओसरतो. म्हणून ‘फॅमिली पॅक’ स्वस्त दिसला तरी घेऊ नये. ५० ग्रॅमची डबी आणि अलीकडची उत्पादन-तारीख, एवढं पाहिलं तरी पुरे. दमट हवेत साखर पाणी ओढते आणि चूर्णाचा दगड होतो. काचेची घट्ट झाकणाची बाटली आणि कोरडा चमचा हवा.

काष्ठौषधीच्या दुकानातून जिन्नस आणून घरी केलेलं चूर्ण बहुतेक डब्यांपेक्षा सरस ठरतं, पण वजनात चूक झाली नाही तरच. प्रमाण असं: खडीसाखर ८० ग्रॅम, वंशलोचन ४०, पिंपळी २०, सोललेल्या वेलदोड्याचे दाणे १०, दालचिनी ५. होतं १५५ ग्रॅम. सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खे जिन्नस मोजून घेणं. पिंपळीचा चोथा चाळणीवर राहतो, दालचिनीच्या काड्या राहतात आणि प्रमाण बिघडतं. प्रत्येक जिन्नस वेगळा कुटून वस्त्रगाळ करावा आणि मग तोलावा. म्हणजे कच्चा माल थोडा जास्तच आणावा लागतो. वेलदोड्याचे दाणे एकटे वाटले की तेल सुटून भांड्याला चिकटतात, त्यामुळे तोलून ठेवलेल्या खडीसाखरेतलेच दोन चमचे त्यांच्याबरोबर फिरवावेत. मिक्सर तापू देऊ नये, साखर ओलसर होते. वंशलोचनाला खलच हवा आणि हाताला दम हवा: बोटांच्या चिमटीत खर लागेनाशी होईपर्यंत घोटायचं.

घ्यायचं प्रमाण मोठ्या माणसाला एका वेळी १ ते ३ ग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा. चहाचा लहान चमचा सपाट भरला की साधारण ३ ग्रॅम होतात. खोकला कफाचा असेल तर नुसत्या मधात. कोरडा, घसा खरवडणारा असेल तर मध एक चमचा आणि तूप अर्धा. दोन्ही समान वजनाने घ्यायचं नाही, हा जुना नियम. हळूहळू चाटायचं आणि त्यावर लगेच पाणी प्यायचं नाही. कोरडं चूर्ण तोंडात टाकलं तर ठसका लागतो, मुलांना तर हमखास. उकळत्या दुधात मधासकट ढवळण्याची पद्धतही सोडावी. आयुर्वेदात मध तापवणं वर्ज्य आहे.

आता ऋतूचं. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ऋतुसंधी म्हटलं आहे ते जुन्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि नव्याचे पहिले सात. आपल्याकडे या चूर्णाची खरी गरज कार्तिक सरताना, म्हणजे पहाटे गारठा आणि दुपारी ऊन असताना, आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे कफ सुटायला लागतो तेव्हा पडते. हिवाळ्याच्या तोंडाला तुपाची जोड चांगली, वसंतात मध पुरतो. पण त्या पंधरवड्यात जुना आहारविहार हळूहळू सोडून नवा धरणं हे मुख्य काम आहे. रात्रीचं दही आणि फ्रिजचं पाणी चालू ठेवून वर चूर्ण चाटण्यात काही अर्थ नाही.

‘प्रतिकारशक्तीसाठी वर्षभर रोज’ ही जाहिरातबाजी या चूर्णाला शोभत नाही. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचा अतिवापर करू नये असं खुद्द चरकाने बजावलं आहे, आणि इथे तर आठवा भाग पिंपळीच आहे. शरदाच्या उकाड्यात, छातीत जळजळ होत असताना, रोजची पिंपळी बाधू शकते.

मधुमेहींनी ३ ग्रॅमच्या मात्रेत दीड ग्रॅम साखर धरावी, वर मध वेगळा. पिंपळीमुळे काही औषधांचं शोषण वाढतं. फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्याला आधी थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. ज्या अध्यायातून हे चूर्ण आलं, तो क्षयाचाच आहे.

गोळ्याही मिळतात. प्रवासात सोयीच्या, पण त्या चघळायच्या. पाण्याबरोबर गिळल्या की घशाला काही लागतच नाही.