सोलापुरात खांबांवरची विनाचालक गाडी: लोखंडी चाक, रबरी टायर की मोनोरेल?

रेल्वे स्टेशन, भैय्या चौक, एसटी स्टँड, पार्क चौक, डफरीन चौक, सात रस्ता आणि परत स्टेशन. असा पाच-सहा किलोमीटरचा फेरा धरून चालू. त्यावर चालकाशिवाय धावणारी उन्नत गाडी आणायची तर बाजारात तीन घराणी आहेत आणि तिन्हींचे जुने अनुभव जगात उपलब्ध आहेत. चर्चा बहुधा वेगावर आणि दिसण्यावर होते. रोज चालवणाऱ्याला मात्र दोनच गोष्टी छळतात: एक गाडी मध्येच बंद पडली की बाकीच्यांचं काय, आणि दहा वर्षांनी सुटा भाग आणायचा कुठून.

आधी मार्ग, मग गाडी

अमेरिकेतल्या डेट्रॉइटची पीपल मूव्हर, म्हणजे खांबांवरची छोटी विनाचालक गाडी, ३१ जुलै १९८७ला सुरू झाली. ४.७ किलोमीटर, १३ स्थानकं, एकेरी मार्गाचं वर्तुळ, फेरा साधारण पंधरा मिनिटांचा. बांधायला एकेरी मार्ग स्वस्त, खांब सडपातळ, गल्लीत मावतो. चालवायला मात्र वाईट. एक गाडी अडली की मागच्या सगळ्या अडल्या. शिवाय गाडी एकाच दिशेनं फिरते. आपल्या फेऱ्यावर पार्क चौकातून एसटी स्टँडला जायचं असेल तर डफरीन, सात रस्ता, स्टेशन अशी सगळी प्रदक्षिणा घालावी लागेल. तोवर माणूस चालत पोचून चहाही पिऊन होईल.

मायामीची मेट्रोमूव्हर १७ एप्रिल १९८६ला आतल्या वर्तुळानं सुरू झाली. १९९४मध्ये उत्तर-दक्षिण दोन फाटे जोडले आणि एकूण लांबी सुमारे ७.१ किलोमीटर झाली. तिथे मध्यभागात समांतर दोन मार्ग आहेत आणि गाड्या उलटसुलट दिशेनं फिरतात. एका मार्गावर बिघाड झाला तरी दुसऱ्यावर लोक हलवता येतात. दुहेरी मार्गाला खांबांचा आणि गर्डरचा खर्च वाढतो, हे खरं. तरी आमचं मत स्पष्ट आहे: एकेरी वर्तुळाचा आराखडा पुढे आला तर तो तिथेच परत पाठवावा. निदान दर दोन-तीन स्थानकांमागे गाडी दुसऱ्या मार्गावर वळवणारा एक सांधा आणि बंद गाडी ओढून ठेवायला एक बाजूचा मार्ग हवाच.

लोखंडी चाक आणि रेषीय मोटार

डेट्रॉइट, व्हँकूव्हरची स्कायट्रेन आणि टोरंटोची स्कारबरो लाइन या एकाच घरातल्या. चाकं लोखंडी, पण ओढ चाकांतून येत नाही. डब्याखाली सपाट पसरलेली मोटार असते आणि दोन रुळांच्या मध्ये प्रतिक्रिया पट्टी: लोखंडावर ॲल्युमिनियमचं आवरण. दोघांमधली फट जेमतेम एक सेंटीमीटर. चाक घसरण्याचा प्रश्न नसल्यामुळे पावसात आणि चढावर ही गाडी भरवशाची, वळणंही आखूड घेते. तोटे दोन. फट असल्यामुळे साध्या मोटारीपेक्षा वीज जास्त जाते. आणि ती फट सगळ्या मार्गभर राखणं हेच देखभालीचं मुख्य काम होऊन बसतं. पट्टीचे बोल्ट सैल झाले की पट्टी उचलते आणि वरून जाणाऱ्या डब्याला लागते. २४ जुलै २०२३ला स्कारबरो लाइनवर शेवटचा डबा रुळावरून सुटला, त्याच्या मुळाशी पट्टीचे बोल्टच निघाले. ती लाइन तशीही काही महिन्यांत बंद होणार होती. ती पुन्हा सुरू झालीच नाही.

सुट्या भागांची गोष्टही इथेच सांगू. हे तंत्र कॅनडातल्या ज्या यूटीडीसीनं उभं केलं ती कंपनी पुढे बाँबार्डियेकडे गेली आणि बाँबार्डियेचा रेल्वे विभाग २०२१मध्ये अल्स्टॉमकडे. टोरंटोतून निवृत्त झालेले डबे डेट्रॉइटनं विकत घेतले. जगात मोजक्याच ठिकाणी असलेली वस्तू घेतली की अशी वेळ येते.

रबरी टायर

मायामी आणि सिंगापूरची बुकित पांजांग लाइन (१९९९) हे इथले नमुने. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांवर टायर धावतात, मधल्या पोलादी तुळईला आडवी मार्गदर्शक चाकं धरून असतात आणि शेजारच्या वीजपट्ट्यांवरून कार्बनचे बूट ६०० व्होल्टची तीन फेजची वीज उचलतात. आवाज कमी, म्हणून दुकानांच्या आणि घरांच्या खिडक्यांजवळून जायला सोयीची. डबा सुमारे १२ मीटरचा आणि गर्दीत शंभरेक माणसं घेणारा. दोन डब्यांची गाडी दोनशेची.

बिघडतं काय? वीजपट्टी आणि बूट, हे पहिलं. पट्टीचा सांधा किंवा ब्रॅकेट हलला की बूट उडतो, ठिणगी पडते, वीज जाते आणि गाडी जागेवर उभी. वळणं आणि चढउतार जास्त असतील तर हे जास्त होतं. बुकित पांजांगचं नाव बिघाडांसाठीच झालं आणि अखेर तिची सिग्नल आणि वीजव्यवस्था बदलायला घ्यावी लागली. टायर झिजतात, पण ते बदलणं कोणत्याही डेपोत जमण्यासारखं काम आहे. सोलापूरच्या दृष्टीनं हा फार मोठा गुण.

मोनोरेल

तुळई हाच रूळ आणि तुळई हाच पूल, त्यामुळे खाली सावली कमी पडते आणि बांधकाम हलकं दिसतं. इथे गुण संपतात. सांधा बदलायचा म्हणजे तुळईचा अख्खा तुकडा सरकवायचा. तो हळू, जड आणि बिघडला की दोन्ही बाजू बंद. त्याहून वाईट म्हणजे तुळईच्या बाजूला चालायला फळी नसेल तर बंद गाडीतून माणूस उतरवायचा कसा? मुंबईत १९ ऑगस्ट २०२५ला मैसूर कॉलनीजवळ गाडी अडली. १०४ टन क्षमतेच्या गाडीत वजन १०९ टनांवर गेलं होतं आणि वीजपुरवठ्याचा संपर्क तुटला. पाचशेहून अधिक लोकांना अग्निशमन दलाच्या शिड्यांनी उतरवावं लागलं. महिनाभरानं, २० सप्टेंबरपासून सेवा थांबवण्यात आली. लक्षात घ्या, त्या गाडीला चालक होता.

सिडनीनं १९८८ची मोनोरेल २०१३मध्ये पाडली. जॅक्सनव्हिलनं १९८९ला रबरी टायरची गाडी घेतली, दहा वर्षांच्या आत ती काढून मोनोरेल आणली, २०१२पासून फुकट केली आणि आता तीही काढून छोट्या स्वयंचलित वाहनांचा विचार चालू आहे. आमच्या यादीत मोनोरेल शेवटची.

चालक नाही म्हणजे माणसं नाहीत असं नाही

कंट्रोल रूममधली एक खुर्ची वर्षभर चोवीस तास भरायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. माणशी आठवड्याला ४८ तास धरून साडेतीन माणसं, रजा-आजार धरून पाच. गाड्या, वीज आणि कॅमेरे-प्रवासी सूचना अशा तीन खुर्च्या धरल्या तर पंधरा माणसं झाली. शिवाय मार्गावर फिरते तंत्रज्ञ. बहुतेक बिघाड दाराचे असतात: पिशवीचा बंद अडकतो, सेन्सर धुळीनं आंधळा होतो, किंवा गाडी फलाटावर जागच्या जागी न थांबता थोडी पुढे जाते आणि दार उघडतच नाही. तेव्हा तंत्रज्ञानं गाडीत चढून पुढच्या झाकणाखालचं हातचं पॅनेल उघडायचं आणि गाडी संथ गतीनं स्थानकात आणायची. तो पाच-सात मिनिटांत पोचला नाही तर मागे रांग लागते. म्हणून तंत्रज्ञ डेपोत नव्हे, फेऱ्यावर दोन-तीन ठिकाणी बसवायचे. रात्री चार तास मार्ग बंद ठेवून तपासणी. पहाटे पहिली गाडी रिकामी फिरवून मार्गावर मांजा, फ्लेक्सचा तुकडा, फांदी काही पडलंय का ते बघायचं. फ्लेक्सवर हसू नका, वीजपट्टीवर ओला फ्लेक्स पडला की पुढचा तास गेला.

सोलापूरचा उन्हाळा वेगळा धरावा लागेल. पारा ४३-४४ अंशांवर, खिडक्या बंद काचेच्या आणि वीज गेली की एसी बंद. बॅटरीवर निदान पंखे तरी अर्धा तास चालले पाहिजेत आणि दोन वेगवेगळ्या उपकेंद्रांतून पुरवठा हवा. एकाच उपकेंद्रातून काढलेल्या दोन फीडरना (वीजवाहिन्यांना) दोन पुरवठे म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

मग घ्यायची का?

दोनशेची गाडी दर तीन मिनिटांनी सोडली तर तासाला एका दिशेनं चार हजार लोक जातात. साठ माणसांच्या बसनं तेच करायचं तर तासाला ६७ बस, म्हणजे मिनिटाला एकाहून जास्त. नवी पेठेच्या आसपास ते स्वतंत्र लेनशिवाय अशक्य. पण गर्दीच्या तासाला मागणी दीड-दोन हजारांची असेल तर दर पावणेदोन मिनिटांनी एक बस पुरते आणि खांबांची गरजच उरत नाही. २०१७च्या मेट्रो धोरणानुसार केंद्राची मदत हवी असेल तर पर्यायांची अशी तुलना करावीच लागते. म्हणून आधी चार चौकांत दोन आठवडे माणसं मोजा. आकडा तीन हजारांपुढे गेला तर रबरी टायर, दुहेरी मार्ग, बाजूला चालायची फळी. निविदेत सॉफ्टवेअरची मूळ प्रत तिसऱ्याकडे ठेवण्याची आणि पंधरा वर्षांच्या सुट्या भागांची अट.

आणि एक मोजमाप कोणताही सल्लागार आपणहून करणार नाही. रस्त्यावरून साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट मोकळी जागा सोडली की नियमाचं समाधान होतं. संक्रांतीला निघणारे सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज त्याहून खूप उंच असतात, उभेच नेले जातात आणि अडुसष्ट लिंगांची वाट शहरभर फिरते. गर्डर तिला जिथे जिथे छेदेल ती जागा मानकऱ्यांबरोबर चालत, टेप हातात घेऊन, आराखडा गोठवण्याआधी मोजावी.